दाण्याच्या दुधाचं विरजण

पिळलेल्या फडक्यातून शेवटचा थेंब पातेल्यात पडेपर्यंत भागिरथीने मूठ सैल केली नाही. फडकं नवऱ्याच्या जुन्या धोतराचं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आत राहिलेला दाण्यांचा चोथा तिने बोटांनी चापटून पाहिला, त्यावर पाण्याचा एक हबका मारला आणि पुन्हा पिळला. पातेल्यात चार बोटं दूध जमलं. पांढरंच, पण म्हशीच्या दुधाइतकं शुभ्र नव्हे. कोऱ्या मांजरपाटासारखं, जरा पिवळटाकडे झुकलेलं.

"चोथा पिठात घाल," ती म्हणाली. "टाकू नको."

सून मालन चुलीपुढे रेशनच्या मिलो ज्वारीचं तांबडं पीठ मळत होती. तिने चोथ्याचा गोळा घेतला आणि पिठात कुस्करला. सातच्या आत तिला पाझर तलावाच्या कामावर पोहोचायचं होतं. उशीर झाला की मुकादम हजेरी लावत नसे.

भागिरथीने पातेलं चुलीवर चढवलं आणि पळी घेऊन समोर बसली. म्हशीचं दूध तापत ठेवून बाई अंगण झाडून येऊ शकते. हे दूध तसं नव्हतं. ते आधी बुडाला लागायचं आणि करपल्यावर उतू जायचं. पळी थांबवायची नाही, हा पहिला नियम. सुरुवातीला कच्च्या दाण्यांचा उग्र वास सुटायचा. तो जाऊन भाजल्या शेंगांसारखा मंद वास येईपर्यंत ढवळत राहायचं. तीन महिन्यांत हे सगळं तिच्या हाताला ठाऊक झालं होतं. रात्री ओंजळभर दाणे भिजत घालायचे. पहाटे त्यांवर कढत पाणी ओतून सालं चोळून काढायची, कारण एक जरी साल राहिलं तरी दूध तुरट होतं. मग पाट्यावर थेंब थेंब पाणी घालत वाटायचं. चिमटीत कण लागेनासा झाला की वाटण झालं. आता तर चिमटीत धरून पाहायचीही गरज उरली नव्हती. वरवंट्याच्या आवाजावरून तिला कळायचं.

दूध कोमट झालं. करंगळी बुडवून तिने मनाशी पाच आकडे मोजले. मग फळीवरचं काळं बोळकं खाली घेतलं, त्यातली दह्याची एक कवडी पळीने उचलली आणि दुधात फिरवली. पातेल्यावर झाकण, झाकणावर ओलं फडकं. एवढं झाल्यावरच ती भिंतीला टेकून बसली.

"आत्याबाई, अजून किती दिस असं?" मालनने भाकरी तव्यावर टाकत विचारलं.

"आखाडात म्हस व्याल. तवर."

बोळक्यातलं विरजण भागिरथीचं नव्हतं. ते तिच्या सासूचं, साळूबाईचं. साळूबाई सोनईहून लग्न होऊन आली, ती बैलगाडीत मांडीवर हे बोळकं घेऊन. नवरीच्या अंगावरच्या दागिन्यांपेक्षा गल्लीतल्या बायकांनी त्या बोळक्याचीच चर्चा जास्त केली होती म्हणे. तेव्हापासून ते विरजण मोडलं नव्हतं. म्हशी आल्या, गेल्या, विकल्या, मेल्या; पण आजच्या दह्यातली कवडी उद्याच्या दुधाला लागत राहिली. साळूबाई जाताना सुनेला म्हणाली होती ते दागिन्यांबद्दल नव्हतं, शेताबद्दलही नव्हतं. "इरजन मोडू नको," एवढंच ती म्हणाली.

या घराने दूध कधी विकलं नाही. दूध विकलं तर पूत विकला, असं साळूबाई मानायची आणि भागिरथीही मानत आली. ताक गल्लीला फुकट जायचं. विरजण मागेल त्याला मिळायचं. आजूबाजूच्या तीस घरांतलं दही या एका बोळक्यातून गेलेलं होतं. नियम एकच होता. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही. दिव्यानंतर विरजण गेलं की दुभतं त्याच्यामागे जातं.

नियमाला अपवाद नव्हता. चार वर्षांपूर्वी बौद्धवाड्यातल्या चांगुणाबाईने घोडेगावच्या बाजारातून गाय आणली, आणि त्याच संध्याकाळी ती जर्मनची वाटी घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. भागिरथीने उंबऱ्यातूनच सांगितलं, दिवा लागलाय, सकाळी ये. ती सकाळी आली. पायरीखाली उभी राहून तिने वाटी पुढे धरली आणि भागिरथीने हातभर वरून त्यात दही सोडलं, भांड्याला भांडं लागू न देता. साळूबाई तसंच करायची. आपण काही वेगळं करतो आहोत असं भागिरथीला त्या वेळी वाटलं नाही, आणि नंतरही कधी तिने त्याचा विचार केला नव्हता.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. गल्लीतल्या दावणी एकेक करत मोकळ्या झाल्या. काही जनावरं घोडेगावच्या बाजारात गेली, काही छावणीत. भागिरथीची म्हैस माघात आटली. गाभण होती म्हणून विकली नाही; नवरा राधाकृष्ण आणि मुलगा तिला घेऊन छावणीवर जाऊन राहिले. घरात सासू-सून उरल्या, आणि बोळक्यात तीन दिवसांचं आंबत चाललेलं दही.

त्याच आठवड्यात ग्रामसेविका बाईंनी शाळेच्या ओसरीवर बायका जमवल्या होत्या. पोरांना दूध मिळत नाही, तर दाण्याचं दूध कसं करायचं ते त्या दाखवणार होत्या. बायका मजा बघायला गेल्या. समोरच्या घरातली बनुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, दान्याला सड कुटं असत्यात, ते दावा आदी." सगळी ओसरी हसली. भागिरथी तर डोळ्यांना पदर लावून हसली. ग्रामसेविका बाई तरुण होत्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तरी त्यांनी दाणे वाटले, गाळले, उकळले आणि जिला हवं तिला घोट घोट दिलं. भागिरथीने घेतलं नाही.

घरी येऊन तिने बोळक्यात बोट घालून चाखलं. दही इतकं आंबट झालं होतं की दात शिवशिवले. आणखी दोन दिवस, मग ते संपलं असतं. त्या रात्री तिने दाणे भिजत घातले.

पहिल्या खेपेला दूध कच्चट राहिलं. दुसऱ्या खेपेला करपलं. तिसऱ्या खेपेला संध्याकाळी झाकण काढलं तर पातेलं हलवल्यावर वरचा थर थरथरला, पण फुटला नाही. म्हशीच्या दह्यासारखं सुरीने कापावं असं नव्हतं, मऊ होतं, पण दही होतं. भागिरथीने अर्धी वाटी खाल्लं, मालनला अर्धी वाटी दिली, आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही असं बजावलं. गल्लीतल्या सगळ्यांची विरजणं मोडली होती. तिचं मोडलं नव्हतं. आखाडात म्हैस व्यायली की चिकानंतरच्या पहिल्या दुधाला घरचंच विरजण लागेल, आणि तेव्हा बनुबाई वाटी घेऊन येईल. मग तिला सड कुठं असतात ते सांगता येईल. दर तिसऱ्या दिवशी पाट्यावर बसताना ती हे मनात घोळवत असे, आणि वरवंटा हलका व्हायचा.

हे दूध लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. मालन घरीच होती. दहाच्या सुमाराला एसटीतून उतरून विहीणबाई दारात आल्या.

भीमाबाई राहात्याच्या. भागिरथीची लेक त्यांच्या घरात दिली होती. पाटाच्या पाण्यावरची माणसं; दुष्काळात त्यांचा ऊस उभा होता आणि दावणीला चार म्हशी. सोनईला एका लग्नाला निघाल्या होत्या, पुढची गाडी यायला तासभर होता, म्हणून डोकावल्या. पिशवीतून त्यांनी गुळाची ढेप काढून ठेवली आणि पदराने वारा घेत घरभर नजर फिरवली. मोकळी दावण त्यांना दिसली. कोपऱ्यातला पाण्याचा एकच हंडा दिसला.

लेकीची खुशाली सांगून झाली. मग त्या म्हणाल्या, की पोरगी फार जीव लावते, सारखी आईची काळजी करते; त्यावर आपणच तिला म्हणालो की एवढं वाटतं तर आठ-पंधरा दिवसांनी दुधाचा एक डबा एसटीत ठेवून देत जाऊ. कंडक्टर ओळखीचा आहे.

बोलणं मायेचं होतं. भागिरथीला त्यात खोट सापडेना, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ज्या घराने तीस घरांना ताक पाजलं, त्या घरासाठी आता एसटीतून दुधाचा डबा येणार.

"डबा कशाला," ती म्हणाली. "बसा. ताक घ्या."

भीमाबाईंचा वारा घेणारा हात थांबला. "ताक हाय?"

"न्हाई कसं?"

मालनने सासूकडे पाहिलं. भागिरथी उठली. कालचं दही छान लागलं होतं. तिने त्यातल्या दोन पळ्या काळ्या बोळक्यात काढून फळीवर ठेवल्या आणि उरलेलं तांब्यात घेऊन रवीने घुसळलं. जिरं भाजून चुरडून घातलं, मीठ घातलं. पितळेच्या फुलपात्रात ताक ओतून तिने विहिणीपुढे ठेवलं आणि आपण दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली.

भीमाबाईंनी आधी फुलपात्रात निरखून पाहिलं. लोण्याचा ठिपका कुठे दिसेना. मग त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि एका दमात फुलपात्र रिकामं केलं.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या म्हशींचं ताक असं लागत न्हाई. काय घातलंय ओ, ईनबाई?"

"जिरं."

"जिरं आमीबी घालतो की."

"मग हाताचा गुन आसंल," भागिरथी म्हणाली. मालन खाली मान घालून तांदळात नसलेले खडे वेचू लागली.

भीमाबाई मोकळ्या मनाने हसल्या आणि फुलपात्र पुढे केलं. "आजून येक घाला. उनानं घसा निस्ता जळतुय."

तांब्यात ताक उरलं नव्हतं. भागिरथीने तांबा कलता केला, सरळ केला. मालनने मान वर करून एकदाच फळीकडे पाहिलं आणि लगेच सासूकडे. तिची मान नाही म्हणाल्यासारखी जरा हललीसुद्धा. भागिरथीने ते पाहिलं. या घरात ताक मागणाऱ्याला नाही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. दुष्काळ होता, विहीणबाई समजून घेणाऱ्या होत्या. पण मग डबा आला असता.

ती उठली, फळीवरून बोळकं घेतलं, आणि चुलीकडे तोंड करून ते तांब्यात पालथं केलं.

भीमाबाईंनी दुसरं फुलपात्रही संपवलं. गाडीला निघताना त्या म्हणाल्या, की पोरीला जाऊन सांगते, तुझ्या आईकडे आमच्यापेक्षा चांगलं ताक आहे, उगाच जीव पोखरू नको. भागिरथी त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेली. परत येताना तिची मान ताठ होती. दारात आल्यावर मात्र तिची चाल मंदावली.

मालन बोळकं हातात घेऊन बसली होती. आतल्या अंगाला ओलसर पापुद्रा तेवढा होता.

"सकाळी ह्यातच दूध लावू," भागिरथी म्हणाली. "लागंल."

लागलं नाही. वैशाखाच्या त्या उकाड्यात बोळक्यातला पापुद्रा रात्रीतच सुकून गेला होता. पहिल्या दिवशीचं दूध नुसतं फाटलं. दुसऱ्या दिवशी तिने बोळकं विसळून तेच पाणी दुधात घातलं; संध्याकाळी दुधाला तार सुटली आणि वास आला. मालनने सुचवलं, की मिरचीचे देठ टाकून लावू, तिची आई तसं लावते.

"त्येनं दही हुईल," भागिरथी म्हणाली. "इरजन न्हाई हुयाचं."

नासलेलं दूध तिने स्वतः उकिरड्यावर नेऊन ओतलं. ओंजळभर दाणे होते ते. त्या दिवशी ती पाट्याकडे फिरकली नाही. गल्लीत कुणाकडे जावं तर तिथे काही उरलेलं नव्हतं. तीस घरांत गेलेलं विरजण तीस घरांत मोडलं होतं, आणि आता एकतिसाव्यातही.

तिसऱ्या दिवशी मालन कामावरून परतली तेव्हा तिने पाटी ठेवली आणि ती पाणी प्यायली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "चांगुणामावशी दुपारी दह्यासंगं भाकर खात्यात."

"गाय तर इकली तिनं."

"दान्याचं हाय. म्या चाखलं."

भागिरथी ज्वारीचं रिकामं पोतं झटकत होती. ते तिने नीट घडी करून ठेवलं, घडी मोडली, आणि पुन्हा घातली.

त्या संध्याकाळी ती पितळेची वाटी पदराखाली धरून मागच्या दाराने निघाली. ओढा कोरडा होता. ओढ्यातून गेलं की कुणाच्या दारावरून जावं लागत नाही. काट्यांत लुगडं दोनदा अडकलं, तिने ते वाकून सोडवलं, आणि बौद्धवाड्याच्या मागच्या अंगाने चांगुणाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. तीस वर्षांच्या संसारात ती या दारात पहिल्यांदा आली होती.

चांगुणाबाई नुकतीच हातपाय धुऊन आत आली होती. तिच्या हातांवर खडीच्या धुळीचे पांढरे ओघळ अजून होते. तिने पाहुणीकडे पाहिलं, आश्चर्य दाखवलं नाही, पोतं झटकून अंथरलं.

"या आक्का. बसा."

भागिरथी उभीच राहिली. "मालन सांगत हुती, तुज्याकडं दान्याचं दही हाय."

"हाय की."

"कुटं शिकली?"

"त्या बाईनं शाळंत दावलं न्हवतं का. तुमी समद्या हसत हुता. म्या मागं बसल्ते. मला काय हसाय आलं न्हाई. घरात नात हाय दोन वर्साची."

हे ती आरोप केल्यासारखं म्हणाली नाही. झालेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"आन इरजन?" भागिरथीने विचारलं. हे विचारायला तिला मध्ये एक श्वास घ्यावा लागला.

"तुमचंच की. चार वर्सं झाली. मोडू दिलं न्हाई."

भागिरथीची पदराखालची मूठ वाटीवर आवळली. चांगुणाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं.

"ताकाला आल्यावर गाडगं कशापायी लपवायचं, आक्का?"

भागिरथीने वाटी बाहेर काढली. चांगुणाबाईने वाटीकडे पाहिलं आणि मग मागे, भिंतीकडे. तिथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तसबिरींखालच्या कोनाड्यात दिवा लागलेला होता.

"आता दिवा लागलाय," ती म्हणाली.

भागिरथीला क्षणभर उलगडा झाला नाही. मग झाला. गल्लीतल्या कुणी पाहू नये म्हणून तिने अंधाराची वेळ निवडली होती, आणि आयुष्यभर ज्या नियमावर बोट ठेवून लोकांना परत पाठवलं, तो नियम तिच्याच ध्यानात राहिला नव्हता.

"आमी आता तसलं काय मानीत न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "आमच्यात कवाबी देत्यात, कवाबी घेत्यात. पन इरजन तुमच्या घरचं हाय, आन तुमी मानता. बाधा नगं. सकाळी या."

भागिरथीने त्या बोलण्यात टोमणा शोधला. सापडला नाही. वाटी हातात तशीच ठेवून ती वळली.

"आन म्होरल्या वाटंनं या," मागून आवाज आला. "वढ्यात काटं लई हायेत."

सकाळी भागिरथीने वाटी राखेने घासली. मग चिंचेच्या कोळाने घासली. पितळ सोन्यासारखं झाल्यावर तिने ती पालथी घालून निथळवली, डब्यातले ओंजळभर दाणे काढून तिच्यात ठेवले, कारण भांडं रिकामं नेऊ नये, आणि लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या.

मालन कामावर निघालीच होती. "म्या आनते की, आत्याबाई," ती हलकेच म्हणाली. "मला वाटंवरच हाय. कुनाला कळायचंबी न्हाई."

सोपं होतं. भागिरथीने वाटी उचलली.

"सासूबाईनी मांडीवर आनलं हुतं, सोनईला दुसऱ्या कुनाला धाडलं न्हवतं," ती म्हणाली. "जिला पायजे तिनं जावं."

ती पुढच्या दाराने बाहेर पडली. आडावर बायका होत्या; पाणी तळाला गेलं होतं, म्हणून प्रत्येक पोहऱ्याला वेळ लागत होता. बनुबाई रहाटावर होती. भागिरथीच्या हातातली वाटी उन्हात चमकत होती, ती न दिसणं शक्य नव्हतं.

"आक्का, यवढ्या सकाळच्या कुटं?"

"इरजन आनाया."

"कुनाकडनं? हितं कुनाकडं ऱ्हायलंय?"

"चांगुणाबाईकडनं," भागिरथी म्हणाली.

रहाटाचा आवाज थांबला. भागिरथीने मागे वळून पाहिलं नाही. आडापासून वेशीपर्यंत अडीचशे पावलं असतील, आणि वेशीपासून खाली शंभर. ती ना भरभर चालली, ना रेंगाळली. वाटीत दाणे होते. ते सांडू नयेत एवढ्याच बेताने ती चालली.

चांगुणाबाई दारातच होती. कामावर जायचं म्हणून डोक्याला फडकं बांधून तयार. वाटीतले दाणे तिने सुपात ओतून घेतले, आत जाऊन दह्याचं गाडगं आणलं, आणि सुताराने फळी निरखावी तसं दह्याकडे बघणाऱ्या भागिरथीच्या तळहातावर आधी थोडं दही ठेवलं.

"चाखून बगा."

भागिरथीने चाखलं. दही गोड होतं, तुरटपणा अजिबात नव्हता, आणि टाळूला लावून पाहिलं तरी कण लागला नाही. तिला खोट काढायची सवय होती. तिने थोडा वेळ शोधली.

"येक साल ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "चिमटीत बगती का, वाटलेलं?"

"आदी बगायची. आता वरवट्याच्या आवाजावरनं कळतंय."

भागिरथीने मान वर केली. दोघींची नजर मिळाली, आणि दोघींनीही ती लगेच काढून घेतली नाही.

मग चांगुणाबाईने गाडगं उचललं. हात वर गेला, वाटीच्या हातभर वर, इतकी वर्षं तिच्या वाटीवर दुसऱ्यांचा जात आला होता तितकाच. सवयीने की मुद्दाम, हे भागिरथीला कळलं नाही, आणि तिने ते कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही. तिने आपली वाटी उचलली. वर, आणखी वर, पितळेची कड गाडग्याच्या कडेला टेकेपर्यंत. बारीक आवाज झाला. दही वाटीत उतरलं.

"यते, चांगुणाबाई," ती म्हणाली.

भागिरथीने तिला नावापुढे बाई लावून कधी हाक मारली नव्हती. चांगुणाबाईने गाडग्याची कड बोटाने पुसली, बोट चाटलं, आणि म्हणाली, "या. म्हस व्याली म्हंजी चीक धाडा नातीला."

"धाडीत न्हाई," भागिरथी म्हणाली. "म्या घिऊन यीन."

परतताना आडावरच्या बायका तशाच उभ्या होत्या. हंडे भरलेले होते, पण कुणी उचलला नव्हता. बनुबाईने पुढे होऊन वाटीत डोकावून पाहिलं. सगळ्या गल्लीची विरजणं मोडली होती; ती त्या पांढऱ्या कवडीकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. तिला बहुधा ती जर्मनची वाटी आठवली असावी, किंवा भागिरथीला आधार द्यावासा वाटला असावा.

"म्हंजी तुमच्याच घरचं की, आक्का," ती बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "चार वर्सांमागं तुमीच दिल्यालं. तुमचंच इरजन ते."

वाट मोकळी करून दिलेली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"हुतं," भागिरथी म्हणाली.

दही घेऊन रस्त्याने जाताना बायका त्यावर पदर धरतात, ऊन लागू नये आणि दृष्टही लागू नये म्हणून. भागिरथीने पदर खांद्यावर नीट बसवला, वाटी दोन्ही हातांत पुढे धरली, आणि उघडी वाटी घेऊन ती गल्लीच्या मधोमध घराकडे चालू लागली. दाणे रात्रीच भिजत घातले होते.